दोनशे बाराव्या पानावरची सातवी ओळ

माझ्या दोनशे बाराव्या पानावर, वरून सातव्या ओळीपाशी, कागद पातळ झाला आहे. जागा साधारण नखाएवढी. मला उजेडासमोर धरलं तर तिथून मागच्या पानावरची अक्षरं उलटी दिसतात. वाळवीनं किंवा ओलीनं कागद असा झिजत नाही. एकाच माणसाचं बोट अनेक वर्षं त्यावर फिरलं आहे.

मित्रांनो, मी लढायांवरचा आणि सेनापतींवरचा एक जुना ग्रंथ आहे. दौंडच्या इमाम मुलाणी सरांनी मला लिहिलं. सर शाळेत इतिहास शिकवत आणि उरलेला सगळा वेळ युद्धांचा अभ्यास करत. माझ्याआधी त्यांनी चार पुस्तकं लिहिली होती. १९९२ साली पुण्याच्या एका छापखान्यात माझ्या पाचशे प्रती निघाल्या. त्यांतली पहिली प्रत मी. सरांच्या टेबलावरच राहिलो.

सरांची कामाची एक पद्धत होती. लढाईत असलेल्या प्रत्येकाला ते एकवीस प्रश्नांचा छापील कागद पोस्टानं पाठवत. अधिकाऱ्यांची उत्तरं टाइप होऊन येत. जवानांचे कागद अर्धे कोरे येत, पुष्कळदा येतच नसत. सर म्हणत, "लिहिलेला तो पुरावा. बोललेलं वाऱ्यावर जातं." कोरा कागद ते बाजूला ठेवत. तो कोरा का राहिला, हे विचारायला ते कधी गेले नाहीत.

एकाहत्तरच्या युद्धात वाळवंटातली एक चौकी पडली होती. तिच्या कमांडरनं उत्तरात लिहिलं होतं, 'हवालदार म्हस्कू ओव्हाळ ऐन माऱ्यात चौकी सोडून पळाला.' सरांनी ते वाक्य जसंच्या तसं माझ्यात घातलं. तीच सातवी ओळ. तो कमांडर पुढे कर्नल झाला. माझी प्रस्तावना त्याचीच आहे.

माझं प्रकाशन झालं तेव्हा कर्नलसाहेब माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "इतिहास असा हवा." सरांना शाल मिळाली. शिरूरच्या वाचनालयात माझी प्रत काचेच्या कपाटात ठेवली गेली. मी फुगून गेलो होतो, हे कबूल करतो.

पुढच्या उन्हाळ्यात चांगुणाबाई आल्या. म्हस्कू ओव्हाळांच्या पत्नी. केंदूरजवळच्या एका वाडीतून, दोन एसट्या बदलून. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांच्या मुलीनं, राजश्रीनं, वाचनालयात मला वाचलं आणि घरी जाऊन सांगितलं.

"जयभीम, सर. ती वळ कंची हाय? बोट ठिवून दावा."

सरांनी दाखवली. बाईंनी बोट जिभेला लावून ओलं केलं आणि त्या ओळीवर घासू लागल्या.

"अहो बाई, छापील शाई आहे. ती जायची नाही."

"तुम्ही लिवलीया, तुम्हीच घालवा. माझा मालक पळनारा गडी न्हवता. पळायचंच आसतं तर लग्नाच्या आधी पळाला आस्ता, माज्या बापाला भिऊन."

सरांना हसू आलं, पण ते लगेच गंभीर झाले. "काही पुरावा असेल तर आणा. लेखी."

"मेलेल्या मानसानं कुठनं लिव्हायचं, सर?"

सरांनी मला मिटून ठेवलं. त्या दर उन्हाळ्यात येत राहिल्या. आल्या की मला मागत, बोट ठेवत, चोळत आणि शेवटच्या गाडीच्या आधी निघून जात.

१९९४ साली पुण्याहून परतताना यवतला एसटी थांबली. सर भजी खायला उतरले. मी त्यांच्या काखेत होतो. भजीवाला माझ्या कव्हरवरच्या नावाकडे टक लावून बघत होता.

"मुलाणी सर का? तुमचा कागद आल्ता मला. मी खंडू. त्या चौकीवर वायरलेसला हुतो."

"मग उत्तर का नाही पाठवलंत?"

"एकवीस सवाल वाचले की! तोफा किती, रणगाडे किती, वारं कुठलं. हवालदाराला मागं कुनी धाडलं, ह्यो सवालच न्हवता त्यात. मग काय, भजी गुंडाळून धाडू त्या कागदात?"

सरांच्या हातातलं भजं तसंच राहिलं. "कुणी धाडलं?"

"सायबांनीच. गोळ्या सपत आल्या हुत्या. हवालदाराला म्हनले, जा, घेऊन ये. हुकूम मीच ऐकला, ह्या कानानं. त्यो गेला, त्यो गेलाच. वाटंतच संपला आसंल. आन् चौकी पडल्यावर सायबाला कुनाचं तरी नाव पायजे हुतं."

त्या दिवसापासून मला खरं माहीत आहे. सरांनाही. मित्रांनो, तुम्ही खोटं बोललात तर निदान जीभ चावू शकता. मला माझ्याच तोंडातले शब्द थुंकता येत नाहीत. दौंडला, शिरूरला, पाटसला, जिथे माझी प्रत उघडेल तिथे म्हस्कू ओव्हाळ पुन्हा पळतो. मी मिटून घ्यायचा प्रयत्न केला. पण माझी बांधणी चांगली आहे, ते पान सहज उघडतं.

सरांनी तीनदा शुद्धिपत्र लिहिलं आणि तीनदा फाडलं. कर्नलसाहेब हयात होते, त्यांनीच सरांना इतिहासकार म्हणून नाव दिलं होतं. पुढे साहेब वारले. तेव्हा सर म्हणाले, "मेलेल्या माणसाबद्दल कसं लिहू?"

त्यांच्या पत्नी बिबीजान भाकरी थापत होत्या. "अवो, मग त्यो हवालदार काय जिता हाय?"

सर उठून अंगणात गेले. त्या वर्षीही काही लिहिलं गेलं नाही. चांगुणाबाईंना ते फक्त एवढंच म्हणायचे, "बघतो."

तुम्ही मला खाकी कव्हर घालता, कोपरे दुमडत नाही. त्याबद्दल आभार. पण माझ्यावर एवढीच माया करू नका. मला प्रश्न विचारा. ज्याचा कागद कोरा आला, त्याच्या घरी जाऊन या.

२००३ च्या ऑगस्टमध्ये चांगुणाबाईंच्या वाडीनं शाळेपुढे दगड बसवायचं ठरवलं. सैन्यात गेलेल्यांची नावं त्यावर कोरायची होती. अकरा नावं झाली. बाराव्यावर, म्हस्कू ओव्हाळांच्या नावावर, सभा अडली आणि पुढच्या सभेला सरांना बोलावणं आलं. बिबीजाननी सरांना जवळजवळ ढकलतच एसटीत बसवलं आणि मला त्यांच्या पिशवीत टाकलं.

सभेत कमिटीतल्या एकानं मला मागून घेतलं आणि ती ओळ मोठ्यानं वाचली. "छापलेलं हाय. सरांसारख्या मानसानं लिवलंय. पळपुट्याचं नाव दगडावर नगं."

पाथरवट छिन्नी घेऊन बसला होता. "लवकर सांगा राव. मला सांजच्याला पाबळला जायाचंय."

मागून चांगुणाबाई उठल्या. केस पूर्ण पांढरे झाले होते. "मी आता कितीक दिस हाय? ह्यो दगड एकदा बसला की दुसरा कोन बसवनार न्हाई."

 पाथरवटानं छिन्नी पिशवीत ठेवायला घेतली. सर अर्धे उठले आणि पुन्हा बसले. मग परत उठले, या वेळी पूर्ण.  आवाज वर्गात शिकवताना असायचा तसा होता.

"ती ओळ खोटी आहे. मी लिहिली आणि ती खोटी आहे. हवालदार ओव्हाळ पळाले नाहीत, त्यांना हुकूम होता. चांगुणाबाई, हे मला नऊ वर्षं माहीत आहे. त्यांचं नाव कोरा."