नापासाच्या दोन ओळी

बडोद्याजवळ वाघोडियाच्या व्हॉल्व्ह कारखान्यात वसुंधरा भोईटे नऊ वर्षं डेटाबेस सांभाळत होती. मालकांचे चिरंजीव धवलभाई सहा महिन्यांपासून तिला सांभाळत होते, निदान त्यांचा तसा समज होता.

"वसुंधराबेन, रिपोर्ट उघडायला चार मिनिटं लागतात. जूनी चाचणी काढी नाखो ने," ते अर्ध्या गुजरातीत म्हणाले. "सोमवारी तपासणीवाले येणार. शेवटची तेवढी राहू द्या."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या महिन्यात गिऱ्हाइकाकडे एक व्हॉल्व्ह फुटून कामगार भाजला होता, आणि सोमवारची तपासणी त्याचीच होती. टेस्टर मोहनरावांनी तो दोनदा नापास केला होता. दुसऱ्या नापासापुढे त्यांचा शेरा होता, 'धवलभाईंच्या सांगण्यावरून कमी दाबावर पुन्हा'. मग तिसरी चाचणी, पास. जुन्या ओळी गेल्या की उरणार होता तो पास आणि त्याखाली मोहनरावांचं नाव. एकतीस वर्षांची नोकरी एका ओळीत बुडाली असती.

एका व्हॉल्व्हला एकच ओळ ठेवा, असं मोठे शेठही पूर्वी म्हणाले होते. वसुंधराने भांडून डेटाबेसात चाचण्यांचं वेगळं टेबल केलं होतं. प्रत्येक चाचणीला स्वतःची ओळ, जुनीवर नवी लिहायची नाही.

"चहा पिऊन या," ती म्हणाली. एरवी ती त्यांच्याशी गुजरातीत बोलायची, रागावली की मराठी.

रिपोर्ट एका नंबरासाठी चाळीस लाख ओळी पहिल्यापासून चाळत होता. डब्यांवर चिठ्ठ्या नसल्या तर हळदीसाठी सगळे डबे उघडावे लागतात, त्यात डब्यांचा काय दोष? तिने व्हॉल्व्हच्या नंबरावर आणि तारखेवर इंडेक्स घातला, म्हणजे चिठ्ठ्याच चिकटवल्या, आणि रिपोर्टच्या क्वेरीतले नको ते रकाने उडवले.

धवलभाई परतले. तिने बटण दाबलं आणि ते खुर्चीत टेकायच्या आत रिपोर्ट उघडला, तिन्ही चाचण्यांसह.

"आता कशासाठी पुसायच्या?" तिने विचारलं. "कारण लेखी द्या."

"नोकरी जाईल, बेन."

"जाऊ दे."

"तुम्ही नाही तर दुसरा कोणी पुसेल."

"पुसू दे. कोणी, कधी, काय पुसलं, याचंही टेबल मी करून ठेवलंय. नऊ वर्षांत त्यात एकही ओळ नाही. पहिली तुमच्या नावाची घालू?"

धवलभाई उठून गेले. सोमवारी तपासणीवाल्यांनी तिन्ही ओळी वाचल्या, आणि मोहनराव समोर ताठ बसले होते.