कोनाड्यातला समुद्र

माझ्या दुकानात येणारा माणूस घरून भिंत मोजून येतो आणि म्हणतो, एवढ्यात बसेल असा समुद्र द्या. टीव्ही घ्यायला आल्यासारखा. पाणी किती लागेल, मासे किती राहतील, घरात त्यांचं करणार कोण, उन्हाळ्यात लाइट गेली तर काय, यातलं काही त्याला विचारायचं नसतं. मी संध्या दाभाडे. समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटर आत, शहागंजात, खाऱ्या पाण्यातल्या माशांचं दुकान चालवते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं तेव्हा गल्लीतले हसले होते. त्यातले काही अजून हसतात.

येईल त्याला मी एकच सांगते: छोटी टाकी सोपी नसते. लोकांना वाटतं, कमी पाणी म्हणजे कमी कटकट. खरं अगदी उलट आहे. खाऱ्या पाण्याच्या टाकीतून रोज पाणी उडून जातं आणि मीठ मागं राहतं. पंचेचाळीस लिटरच्या टाकीत दोन ग्लास पाणी उडालं, चिमूटभर खाणं जास्त पडलं, एखादी गोगलगाय कोपऱ्यात मरून राहिली, की पुढच्या चार दिवसांत सगळं बिघडतं. तेच चारशे लिटर असेल तर मोठं पाणी असल्या चुका पोटात घालतं. नवशिक्यानं मोठी टाकी घ्यावी, थोडे दगड, थोडे मासे ठेवावेत आणि वर्षभर नाजूक जिवांच्या नादी लागू नये. हे सांगून सांगून माझी जीभ झिजली.

शिवराज साहेबांनाही हेच सांगितलं होतं. शहरातल्याच सातारा परिसर भागात त्यांचा नवा बंगला, पैठणकडं चाळीस एकर, चितेगावला कारखाना. इंटिरियरवाल्यानं हॉलच्या भिंतीत एक कोनाडा काढून ठेवला होता आणि त्यात समुद्र बसवायचा होता. मोजला तर पंचेचाळीस लिटर, वरून एक थेंब नाही. मी समोरची भिंत दाखवली, चार फुटी टाकी सुचवली, नुसते मासे ठेवा म्हणाले. कोनाड्यामागं वायरिंग फिरलंय, आता नाही होत, असं साहेब म्हणाले. त्यांच्या बायकोला, तनुजाला, मोबाइलवर पाहिलेल्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कोळंब्या हव्या होत्या. म्हणजे सगळ्यात लहान पाणी आणि सगळ्यात नाजूक जीव.

तिथंच मी हात जोडून परत यायला हवं होतं. पण साहेबांनी जाता जाता एक गोष्ट सांगितली. त्यांची चुलतबहीण डॉक्टर अमृता पैठण रोडला लहान मुलांचा दवाखाना काढत होती, आणि तिथल्या बसायच्या हॉलमध्ये सहा फुटी टाकी करायची होती. इथलं काम कसं होतंय ते बघून अमृता ठरवेल, असं ते म्हणाले. सहा फुटी टाकी मी आयुष्यात एकदाही लावलेली नव्हती. सहा वर्षं लोकांच्या शोकेसमध्ये आणि टीव्हीखालच्या कपाटात समुद्र कोंबत आले होते. सुईच्या भीतीनं रडणारी पोरं काचेला नाक लावून गप्प झालीत, हे चित्र तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी कोनाड्याला हो म्हणाले. माझी चूक झाली ती इथं, हे आधीच कबूल करते.

दोन कोळंब्या, क्लाउन माशांची एक जोडी आणि शेवाळ खायला काही गोगलगायी सोडायचं ठरलं. अटी मात्र घातल्या. उडालेलं पाणी भरायचं ते फक्त मी दिलेल्या कॅनमधून, कारण आरओतून गाळलेल्या त्या पाण्यात दुसरं काही नसतं. दर गुरुवारी मी येऊन टाकी तपासणार. आणि टाकीजवळ एक वही राहील. पाण्यात जे काही जाईल, मग ते चिमूटभर का असेना, तारीख घालून लिहायचं. हे काम तनुजानं घेतलं. तिचं अक्षर सुरेख होतं, आणि ती मला पहिल्या दिवसापासून ताई म्हणायची.

घरात तिसरं माणूस म्हणजे साळूबाई, साहेबांची आई. दुसऱ्या गुरुवारी मी कोपरापर्यंत हात घालून दगड बसवत होते, तेव्हा त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या. आडनाव विचारलं. दाभाडे म्हटल्यावर कुठले दाभाडे, गाव कोणतं, गावात घर कोणत्या अंगाला, असं एकेक विचारत गेल्या. तेवढ्यात पप्पांचा फोन आला. ओला हात पुसून मी फोन घेतला आणि रोजच्यासारखं जय भीम म्हणाले. साळूबाईंचे प्रश्न संपले. माझ्याशी त्या पुढंही गोडच बोलायच्या. फक्त त्या गुरुवारपासून माझा चहा कागदी कपात यायला लागला. मला वाटलं, भांडी घासायला बाई येत नसेल. इतकी शिकलेली मी, आणि मला तसं वाटलं.

कोळंब्या मात्र छान रुळल्या होत्या. या जातीची कोळंबी माशांच्या अंगावरची घाण खाते. टाकीत हात घातला की दोघी माझ्या बोटांवर चढायच्या आणि नखं कोरून साफ करायच्या. त्यांनी मला आडनाव विचारलं नाही. तनुजा काचेबाहेरून बघून हसायची. तुम्हीही घाला हात, असं मी दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा तिनं स्वयंपाकघराकडं बघितलं आणि नको म्हणाली.

पाचव्या गुरुवारी दोन गोगलगायी मेलेल्या सापडल्या. सातव्या आठवड्यात एक कोळंबी गेली. आठवा गुरुवार झाला आणि शनिवारी दुसरीही गेली. नारिंगी क्लाउन माशांची जोडी तेवढी मजेत फिरत होती. साहेबांचा फोन आला. आवाज चढवला नव्हता, त्यामुळं जास्त लागलं. ते म्हणाले, तुम्ही आणता ते पाणीच खराब दिसतंय, मॅडम. आम्ही विश्वासानं काम दिलं होतं. आता अमृताला काय सांगू?

तीन दिवस मी दुकानाचं शटर अर्धं ओढून माझंच सामान तपासत बसले. कॅन, नळ्या, मीठ, फिल्टर, सगळं. स्वतःला शिव्या घातल्या, एकदा रडलेसुद्धा. मग डोकं ताळ्यावर आलं. मासे जिवंत राहतात, आणि गोगलगायी अन् कोळंब्या मरतात. या धंद्यात अशा वेळी पहिला संशय तांब्याच्या धातूवर जातो. माशाला बाधत नाही एवढं तांबंसुद्धा कोळंबीला विष होतं. माझ्या सामानात कुठंही तांबं निघालं नाही.

गुरुवारी तपासणीची बाटली घेऊन बंगल्यावर गेले. साहेबही मुद्दाम घरी थांबले होते. टाकीतलं पाणी नळीत घेऊन औषधाचे थेंब टाकले. पाच मिनिटांत पाण्याला रंग चढला. कॅनमधल्या पाण्यावर तेच केलं, ते तसंच नितळ राहिलं. दोन्ही नळ्या साहेबांपुढं धरल्या आणि सांगितलं की या पाण्यात तांबं आहे, माझ्या पाण्यात नाही, म्हणजे इथं काहीतरी पडतंय. मग तनुजाकडं वही मागितली. तिच्यावर विश्वास होता म्हणून आजवर ती मी उघडून बघितली नव्हती.

वही देताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मी पानं उलटत गेले. रोजची नोंद एकच, कॅनमधून एक लिटर. फक्त गुरुवारी त्याखाली आणखी एक ओळ होती. 'आईंचा तांब्या, एक.' पुढचा गुरुवार, 'आईंचा तांब्या, एक.' मी बोटानं मोजलं. दुसऱ्या गुरुवारपासून सात नोंदी, एकही गुरुवार चुकलेला नाही. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस तांब्या नाही. मी येते त्याच दिवशी तांब्या.

"मावशी, हे कुठलं पाणी?" मी विचारलं.

साळूबाईंनी लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. शिवराज दर रविवारी शेतावर जातो, येताना पैठणहून गोदावरीचं पाणी आणतो, ते देवघरातल्या तांब्याच्या कळशीत आठवडाभर असतं. त्यातला एक तांब्या.

"पण गुरुवारीच का?"

"तू हात घालती ना त्यात," त्या म्हणाल्या. लोणच्यात मीठ का घालतात ते सांगावं इतक्या सहज. "घरात पानी ठिवायचं म्हणल्यावर पाळावं लागतंय, बाई. तू गेली की एक तांब्या वतते. राग नको धरू. तुझ्या कामाला मी कधी नाव नाय ठिवलं."

माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. आठ आठवडे या घरातला जीव जगावा म्हणून मी दोन रिक्षा बदलून कॅन वाहत होते, आणि माझी पाठ वळली की माझा हात धुऊन काढला जात होता. ज्या पाण्यानं तो धुतला त्याच पाण्यानं जीव मारले, आणि खापर पुन्हा माझ्याच डोक्यावर. ओरडावंसं वाटलं. पण मला आधी पाण्याचंच बोलायचं सुचलं, सवयच तशी. म्हणाले, मावशी, आपल्या नळाला जायकवाडीचं पाणी येतं, पैठणचंच. मी माझ्या कॅनमध्ये तेच गाळून आणते. माझीही गोदावरीच आहे.

"नळाचं येगळं," त्या म्हणाल्या.

साहेब मला बाजूला व्हरांड्यात घेऊन गेले. त्यांना वाईट वाटलं होतं, हे मी नाकारत नाही. ते म्हणाले, आईचं वय सत्तर, आता तिला कुठं बदलणार. तुमच्यावर खराब पाण्याचा आळ घेतला तो मी परत घेतो. अमृतालाही आज फोन करतो, सहा फुटी टाकी तुमचीच. मी जरा निवळले. खोटं कशाला बोलू, त्या दोन मिनिटांत मला काचेला नाक लावलेली पोरं परत दिसली. मग ते पुढं म्हणाले:

"इथंही मोठीच करू, मॅडम. कोनाडा बुजवतो. तुम्हीच म्हणाला होता ना, मोठं पाणी चुका पोटात घालतं. चारशे लिटरमध्ये आईचा एक तांब्या पचंल की. तिचंही मन राहील, तुमचंही काम राहील."

आणि मला सगळ्यात जास्त संताप कशाचा आला सांगू? मी मनातल्या मनात गणित केलं. चारशे लिटर, आठवड्याला एक तांब्या, दर पंधरवड्याला थोडं पाणी बदलायचं. गणित बरोबर येत होतं. कोळंब्या जगल्या असत्या. माझाच सल्ला या माणसानं नीट ऐकून, लक्षात ठेवून, माझ्यापुढं ठेवला होता. माझा अपमान मावेल एवढी टाकी मीच निवडायची, मीच बसवायची आणि दर गुरुवारी येऊन तीत हात घालायचा.

"पाण्याला पचेल, साहेब," मी म्हणाले. "मला नाही पचणार. त्या मापाची टाकी माझ्याकडं नाही."

"अहो, एवढ्याशा गोष्टीसाठी... मग अमृताला मी काय सांगू?"

"ही वही द्या त्यांच्या हातात."

त्यांनी वही घेतली आणि बंद करून काखेत धरली. ती डॉक्टरांपर्यंत जाणार नाही हे मला तेव्हाच कळलं. दवाखान्याची टाकी त्या व्हरांड्यातच गेली.

मासे तरी मी तिथं सोडणार नव्हते. साहेबांना तसं स्पष्ट सांगितलं. झाकणाची बादली घेऊन मी कोनाड्यापुढं उभी राहिले. क्लाउन माशांची जोडी दगडामागं दडून बसली होती. एका बाजूनं जाळी घातली की दुसऱ्या बाजूला पळायची. एकट्या माणसाचं ते काम नव्हतं. साळूबाई हातात तांब्या घेऊन देवघराच्या दारात उभ्या होत्या. मी जायची वाट बघत होत्या. गुरुवार होता ना.

तनुजावर माझा राग सासूपेक्षा जास्त होता. सासूला जे वाटतं ते तिनं तोंडावर सांगितलं. हिला सगळं माहीत होतं. ताई ताई म्हणत सुरेख अक्षरात लिहीत होती, आणि एक शब्द बोलली नव्हती. ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली तेव्हा मी मानही वळवली नाही. तिनं बांगड्या मागं सारल्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत त्या पाण्यात घातले.

"कुठून अडवू, ताई?"

"तनुजा, काय करती?" साळूबाई मागून म्हणाल्या. मी उजवीकडून जाळी धरली, तिनं डावीकडून ओंजळ केली. आमची मनगटं दोनदा एकमेकींना लागली. एकेक करून दोन्ही मासे बादलीत आले.

ती ओल्या हातांनीच स्वयंपाकघरात गेली. त्याच हातांनी तिनं भांडं घेतलं, साखरेचा डबा उघडला, दुधाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. साळूबाई एकदा त्या हातांकडं बघत होत्या, एकदा तांब्याकडं. कुठं कुठं ओतायचं ते त्यांना कळेना. तनुजा चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तो पाहुण्यांच्या कपबशीत होता, आणि ट्रे तिनं माझ्यापुढं धरला.

तिनं जे केलं ते त्या घरात सोपं नव्हतं, हे मला दिसत होतं. तरी मी कपाला हात लावला नाही. तिला म्हणाले, सात गुरुवार उशीर झाला, आणि बादली उचलून रिक्षा बघायला रस्त्यावर आले.