मणक्यावरची बॉबिन

मित्रांनो, हाडं मोजणारा मी एक जुना स्कॅनर आहे. दवाखान्यात येणारे बरेच जण मला साधं टेबल समजतात आणि खुशाल माझ्यावर पिशव्या ठेवतात. असा राग येतो म्हणून सांगू!

कारखान्यात मला घडवलं, तेव्हा एकच गोष्ट शिकवली: दिसेल तेच सांगायचं. माणूस माझ्यावर निजतो, माझा हात त्याच्यावरून सरकतो आणि त्याची हाडं किती भरीव, किती विरळ, ते मी आकड्यांत सांगतो. दुखत नाही, खुपत नाही. रोज सकाळी मला चालवणाऱ्या चष्मेवाल्या ताई खोट्या मणक्यांचा एक ठोकळा ठेवून माझी परीक्षा घेतात. आकडा बरोबर आला, तरच माणसं आत येतात. बारा वर्षांत मी एकदाही नापास झालो नाही. बढाई वाटेल, पण खरं आहे.

पुढे शेजारच्या खोलीत मोठी, चकचकीत यंत्रं आली आणि सगळं कौतुक तिकडे गेलं. "हाडाला काय होतंय? मोडलं की बघू," असं म्हणणारेच फार. मी आपला धूळ खात बसलो.

अशात एक दिवस शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या. आल्या कसल्या, त्यांच्या लेकीने ओढून आणलं! लेकीने आईसाठी नवा झगा बेतायला घेतला, तर उंचीचं माप मागच्यापेक्षा पाऊण इंच कमी भरलं.

"अगं, टेप जुनी आहे. ताणली असेल," मावशी म्हणाल्या.

"नव्या टेपनेही तेवढंच आलं, आई. आजीचंही असंच झालं होतं ना?"

हाडं विरळ झाली की मणके दबतात आणि उंची घटते. मावशींच्या आईचीही अशीच घटली होती आणि मग तिचं खुब्याचं हाड न्हाणीघरात मोडलं होतं. ती अंथरुणाला खिळली, ती पुन्हा उठलीच नाही.

मावशी माझ्यावर निजल्या. मी मोजलं. आकडा छान आला.

"बघ! म्हणत नव्हते मी? लोखंडाची हाडं आहेत माझी!" मावशी उठून चपला शोधू लागल्या. लेकीचा जीव भांड्यात पडला.

मी मात्र आतून तळमळत होतो. तिसऱ्या मणक्याचा आकडा त्याच्या शेजाऱ्यांपेक्षा फारच चढा होता. पण मला तोंड कुठे आहे? मी फक्त चित्र दाखवू शकतो. ताई, बघा ना हो!

ताईंनी चष्मा वर सरकवला. पडद्यावर, बरोबर तिसऱ्या मणक्यावर, एक पांढरी गोल चकती होती.

"मावशी, लोखंड आहे खरं, पण हाडांत नाही. कमरेला काय आहे?"

मावशींनी कमरपट्टा चाचपला. "अगंबाई! बॉबिन!" दोऱ्याची लोखंडी बॉबिन मशीनमधून काढली की कमरेला खोचायची, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय!

बॉबिन काढल्यावर मी पुन्हा मोजलं. आता खरा आकडा आला. हाडं बरीच विरळ झाली होती, पण एकही मोडलं नव्हतं. आम्ही वेळेवर पोचलो होतो! डॉक्टरांनी औषध दिलं, व्यायाम सांगितला. मावशींनी कुरकुर केली, पण सगळं नेमाने केलं.

दोन वर्षांनी त्या परत आल्या. आल्या आल्या त्यांनी बॉबिन ताईंच्या हातावर ठेवली. मी मोजलं आणि काय सांगू, आकडा वर चढला होता! ताईंनी टाळीच वाजवली.

"मागच्या महिन्यात दुकानाच्या पायरीवरून धाडकन पडले," मावशी म्हणाल्या. "उठले, कपडे झटकले आणि राहिलेली बाही पुरी केली." मग त्यांनी पिशवीतून निळं जाड कापड काढलं. माझ्यासाठी खोळ! अगदी मापात शिवलेली. तेव्हापासून माझ्यावर धूळ नाही आणि पिशवी ठेवायची कुणाची हिंमत नाही.

मित्रांनो, दाराच्या चौकटीवर तुमच्या उंचीच्या रेघा असतील. त्यांच्याशेजारी आई आणि आजीचीही रेघ ओढा. तुमची वर जातेय का, ते सगळेच बघतात. त्यांची खाली येतेय का, ते तुम्ही बघा. आली, तर त्यांना हाताला धरून माझ्याकडे घेऊन या. मी तयार आहे. आज सकाळीही पास झालोय!