सोफ्यात शिवलेल्या सात बाटल्या

माझा धाकटा भाऊ रोज सकाळी दुकानाच्या दारात माझ्यापुढे वाकायचा आणि तोंडावर 'हाऽऽ' करून श्वास सोडायचा. मी वास घ्यायचे. टूथपेस्ट, चहा, कधी कांदा. मग मी कुलूप उघडायचे. समोरच्या चष्मेवाल्याला बरेच दिवस वाटायचं की मी दातांची डॉक्टर आहे. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि माझं तोंड अकरा वर्षं पोळत होतं.

आमचं सोफे दुरुस्तीचं दुकान. तो सांगाडा ठोकतो, स्प्रिंगा बसवतो, फोम भरतो. मी कापड बेतते आणि शेवटचे टाके घालते. माझे टाके उसवत नाहीत. ही फुशारकी नाही. पुढे याच गोष्टीनं घात केला, म्हणून सांगतेय.

दारूपायी तो दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन आला आणि दोनदा घसरला. मी शपथा घातल्या, शिव्या घातल्या, महिना-महिना अबोला धरला. केंद्रातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "हा आजार आहे. अबोला धरून कुणाचा मधुमेह बरा होतो का?" मी म्हटलं, "बघितलं नाही धरून." बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. बहुतेक माझ्याबद्दलच.

तिसऱ्या खेपेला मी त्याला सांगून टाकलं, "पिऊन घसरलास तर परत उचलीन. पण आता एक जरी गोष्ट लपवलीस, तर तू तुझं दुकान बघ, मी माझं." तो "बरं" म्हणाला. आणि या वेळी टिकला.

त्र्याण्णवाव्या दिवशी तो हातात कागद घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. मी दुकानातल्या माझ्या खुर्चीत बसून कमरेला बाम चोळत होते. दोन वर्षं माझी कंबर धरली होती. तीन डॉक्टर झाले, पट्टा झाला, भिंतीला पाय लावून उताणं पडण्याचा व्यायामही झाला.

"ताई, रागावू नकोस."

"असं म्हटल्यावर मी आजवर कधी रागावायची राहिलेय?"

"बाईंनी सांगितलंय, जे जे लपवलं ते उघड करायचं. मी सोफ्यांत बाटल्या लपवायचो. फोमला खाच पाडून. जेवून आलो की काढून घेऊ, असा बेत असायचा. पण मी जेवून येईपर्यंत तू सोफा शिवून टेम्पोत चढवलेलासुद्धा असायचास."

म्हणजे शहरभर दारू मी पोचवत होते. तीही घरपोच, दुहेरी टाका घालून.

"म्हणजे चूक माझी?"

"तसं नाही गं. पण तू जरा कामचुकार असतीस तर..."

चोराच्या उलट्या बोंबा! मी दाभण उचललं आणि तो दोन पावलं मागे सरकला.

कागदावर सहा पत्ते होते. त्याखाली सात हा आकडा आणि पुढे कोरं.

"सातवी कुठेय?"

"आठवत नाही," तो छताकडे बघत म्हणाला.

आमच्या घरात खोटं बोलताना सगळे वर बघतात. बाबाही बघायचे. त्या कोऱ्या जागेवर आमचं दुकान टांगलेलं होतं आणि ते त्यालाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही 'मोफत तपासणी' म्हणून सहा घरं फिरायला निघालो. नियम एकच होता. त्यानं जागा दाखवायची. उसवणं, काढणं आणि ओतणं माझं. बाटलीला त्यानं बोट लावायचं नाही.

पहिला दातांचा डॉक्टर. त्याच्याकडच्या बाकावर जरा वजनदार माणूस बसला की 'गुडूक' असा आवाज यायचा आणि सगळे पेशंट एकमेकांच्या पोटाकडे संशयानं बघायचे. "अहो, त्या आवाजावरून मी तिघांना पोटाच्या डॉक्टरकडे पाठवलं," तो कपाळाला हात लावून म्हणाला.

निवृत्त न्यायाधीशांनी आधी सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "यात दोषी कोण?" आम्ही दोघांनीही हात वर केले. तो लपवल्याबद्दल, मी शिवल्याबद्दल. मी बाटली मोरीत ओतत असताना ते शेजारी उभे राहून वेळ टिपून घेत होते.

एका नव्या जोडप्याच्या दिवाणातून बाटली निघाली तेव्हा आम्ही खरं सांगायच्या आतच ती दोघं एकमेकांवर तुटून पडली. त्यांची समजूत घालण्यात दुपार गेली. निवृत्त मुख्याध्यापिकेला तर तिची बाटली कधीच सापडली होती. तिनं त्यात वेल लावला होता. आतल्याचं काय केलं, असं मी विचारलं तर तिनं मला वर्गाबाहेर काढल्यासारखं दाराबाहेर काढलं.

सहावी बाटली ओतताना माझं लक्ष त्याच्याकडे गेलं. तो दाराकडे तोंड करून उभा होता आणि त्यानं नाक बाहीत दाबून धरलं होतं.

"काय रे?"

"वास आला. हवीशी वाटते अजून."

मला वाटलं होतं, नव्वदच्या वर दिवस झाले म्हणजे संपलं. ताप उतरला की संपतो तसं.

"मग तू थांबतोस कसा?"

"नाही म्हणतो. दहा मिनिटांनी परत नाही म्हणतो. दिवसभर तेच चाललेलं असतं, ताई. मधल्या वेळात सोफे करतो."

मला रडू आलं. म्हणून मी त्याला नीट उभा राहा म्हणून ओरडले.

या फिरण्यात एक नवल झालं. चार दिवस माझी कंबर अजिबात दुखली नाही. चालण्याचा गुण, असं मी धरून चालले.

अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी दुकानात परत कामाला बसले. "सातवी आठवली का?" म्हणून विचारलं. छत. संध्याकाळी घरी जाताना मी मनात दुकानाचे दोन भाग करून टाकले. शिलाई मशीन माझं, करवत त्याची. घरी जाऊन जेवलेसुद्धा नाही.

नव्व्याण्णवाव्या दिवशी खुर्चीत टेकते न टेकते तोच कमरेतून कळ आली. "आई गं!" म्हणून मी बामाची डबी उघडली. त्यानं हातोडी खाली ठेवली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. वर नाही, माझ्याकडे.

"ऊठ, ताई."

"का?"

"ऊठ म्हणतो ना. सातवी तुझ्या खुर्चीत आहे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी खुर्ची उलटी केली. माझेच टाके मला उसवेनात. अर्धा तास गेला. पाठीच्या फोममधून, बरोबर कमरेच्या उंचीवर, बाटली निघाली. भरलेली. झाकणसुद्धा न उघडलेली.

"तू बाम चोळायचीस आणि मी बघायचो," तो म्हणाला. "रोज वाटायचं, सांगावं. पण सांगितलं की ती जाणार. एक तरी असू दे, कधी फारच लागली तर. कालही खोटं बोललो."

मला तीन डॉक्टर आठवले. पट्टा आठवला. भिंतीला लावलेले माझे पाय आठवले. हातोडी हाताशीच होती, आणि ती मी उचलली नाही याचं श्रेय मला कुणीही दिलेलं नाही.

माझा भाऊ माझ्यावर जीव टाकतो. मला साधा ताप आला तरी तो जेवत नाही. त्याच भावानं मला दोन वर्षं बाटलीवर टेकून बसवलं, माझं कण्हणं ऐकलं आणि गप्प राहिला. आजार म्हणजे काय, हे बाईंनी तासभर सांगून मला कळलं नव्हतं. ते कमरेला कळलं.

मी बाटली मोरीत ओतली. तो दाराकडे तोंड करून उभा राहिला.

"दुकान वेगळं करणार?" त्यानं तसंच पाठमोऱ्यानं विचारलं.

"आधी खुर्ची शिव."

त्यानं शिवली. टाके इतके वाकडे, की गिऱ्हाईकाला दाखवायची सोय नाही. मी बसले. बाटलीच्या जागी खळगा होता, पण दुखत काही नव्हतं.

शंभराव्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा दारात माझ्यापुढे वाकला आणि त्यानं तोंड उघडलं.

"आज नको," मी म्हटलं आणि किल्ली त्याच्या हातात दिली. "मला सर्दी झालीय. तूच उघड."

तो किल्लीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. "कधी झाली सर्दी?"

मी वर दुकानाच्या छपराकडे बघितलं. "काल," मी म्हटलं.