बाबांची दलदल

सोल्वीने एक पान उचललं. खाली काहीच नव्हतं. शेजारचं उचललं, तिथेही नाही. दलदलभर मुल्ते या रानफळाची रुंद, सुरकुतलेली पानं पसरली होती. पिकलेलं सोनेरी फळ तर सोडाच, कच्चं लालही कुठे दिसत नव्हतं.

गोठलेल्या दंवाने जळालं म्हणावं, तर करपलेलं बोंड राहिलं असतं. कुणी खुडलं म्हणावं, तर देठाला हिरवी टोपी राहिली असती.

जूनमध्ये एड्विनबाबांनीच तिला इथे आणलं होतं. गावात आपली मुल्तेची जागा कुणी कुणाला दाखवत नाही. आई तर ती न पाहताच वारली. जूनमधल्या त्या दिवशी दलदल फुलांनी पांढरीशुभ्र झाली होती.

"बघ, केवढाली फुलं!" बाबा म्हणाले होते. "माझ्यामागे हे तुझं. नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही."

"बाबा, तो कधीचा सोडून गेलाय मला."

"मग तर बरंच झालं!"

दोघंही हसली होती.

केवढाली फुलं. सोल्वी ओल्या शेवाळावर मटकन बसली. मुल्तेत नराचं रोप वेगळं, मादीचं वेगळं. नराचं फूल मोठं, दिमाखदार; फळ धरतं ते मादीचं, बारकं. लहानपणी हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. इथे सगळे नरच होते.

"लबाड म्हातारा!" ती मोठ्याने म्हणाली. पोटच्या पोरीलाही फसवलं! राग आला, तसं जरा बरंही वाटलं; फसवायला डोकं शाबूत लागतं.

ती घरी आली तेव्हा बाबा दारातच उभे होते. मागे टेबलावर साखर आणि धुतलेल्या बरण्या मांडून ठेवलेल्या.

"भरली का गं बादली? त्या शेजारच्या टॉर्गुनने बघितलं नाही ना?"

सोल्वीने त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी शोधली. ती नव्हती. 

"बाबा, नराचं फूल कसं असतं?"

"कसला नर?"

तिने बादली दाराआड सरकवली. खरी जागा आता कुणालाच ठाऊक नव्हती.

संध्याकाळी तिने फ्रीजरमधला गेल्या वर्षीचा शेवटचा डबा काढला आणि मुल्ते सायीबरोबर त्यांच्यापुढे ठेवले. बाबांनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले.

"वा! कुणाच्या दलदलीतले गं?"

"तुमच्याच."

बाबांनी खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

"मग हळू बोल की."