दहा स्वल्पविराम दोन

“सासू परवडली, पण हा तुझा प्रोग्रॅम नको बाई,” शेजारच्या टेबलावर आकडे भरता भरता फरीदाआपा पुटपुटली. “जागा सुटली की ओरडतो, स्वल्पविराम दिला की ओरडतो. आता ‘नऊ मीटर’ लिहिलं तर म्हणतो, हा आकडा नाही. मग काय गाढव आहे?”

“‘मीटर’ हा शब्द झाला ना, आपा. नुसतं नऊ लिहा.”

“आधीचा बरा होता. द्याल ते मुकाट घ्यायचा.”

बाल्झानने मान वर केली नाही. “हो,” ती म्हणाली, “मुकाट घ्यायचा खरा.”

ऑफिस डोंगराच्या पायथ्याशी, आणि काम एकच. वर तासबुलाकच्या घळीत बर्फाचं पाणी साठून तळं झालंय. तिथल्या चौकीवरचा निरीक्षक पाण्यात रोवलेली पट्टी दर तासाला बघायचा आणि फोनवर आकडा लिहून पाठवायचा. पाणी साडेनऊ मीटरच्या वर गेलं की प्रोग्रॅमने खालच्या गावात भोंगा वाजवायचा.

गेल्या वर्षी चौदा जुलैला तळं फुटलं आणि भोंगा वाजला नाही. पूल गेला, चाळीस पेट्या मधमाश्या गेल्या आणि त्या पेट्यांचा मालक सेरिकबाय गेला. चौकशीत ऑफिसचे प्रमुख एर्मेकसाहेब यांनी प्रोग्रॅमने काढलेला त्या दिवसाचा कागद पुढे केला: दिवसभरातली सर्वांत जास्त उंची ९,४, दुपारी तीनची. “चौकीवरचा म्हातारा नंतर झोपला असेल,” साहेब म्हणाले, “नाहीतर प्यायला असेल.” म्हाताऱ्याने आपली वही दाखवली. चार वाजता, १०,२, पाठवले. “हे मागाहून लिहिलेलं,” असं ठरलं. फोन तर चौकीसकट वाहून गेला होता.

तो म्हातारा म्हणजे बाल्झानचा बाप, झुमागाली. सव्वीस वर्षं सगळा गाव त्याला ‘झुमेके’ म्हणायचा. नावाचा शेंडा छाटून त्याला ‘एके’ जोडला की माणूस मानाचा होतो. त्या जुलैनंतर तो नुसता झुमागाली झाला. काहींचा तर तेवढाही नाही, ‘तो वरचा’. नोकरी गेल्याचा विषय त्याने कधी काढला नाही. ‘एके’ गेल्याचाही नाही काढला, पण डोंगराकडे पाठ करून बसायला लागला.

आणि येत्या शुक्रवारी सेरिकबायचं वर्षश्राद्ध होतं. लहानपणापासूनची जोडी ती, एका घोड्यावर दोघं बसून शाळेला जायची. सगळ्या गावाला आमंत्रण गेलं, झुमागालीच्या दारावरून माणूस पुढे गेला. म्हाताऱ्याने तरी बूट पुसले. मग परत खाटेखाली सारले.

बाल्झान दुसऱ्या गावी शाळेत गणित शिकवायची. प्रोग्रॅमिंग ती आपलं आपणच शिकली होती, पोळ्या लाटता लाटता फोन पिठाच्या डब्याला टेकवून. शरद ऋतूत तिने या ऑफिसात अर्ज टाकला. अर्जावर बापाचं नाव होतंच, इथे ते प्रत्येकाच्या नावामागे असतंच. एर्मेकने ते वाचलं नाही. आलेलं तपासून घेणं हा त्याचा स्वभावच नव्हे.

राग म्हणाल, तर तो तिने कुर्तासारखा वाळवून ठेवला होता. कुर्त म्हणजे दह्याचे ते खारट गोळे, जितके जुने तितके टणक, आणि बरोब्बर खिशात मावणारे.

दोष तिला पहिल्याच आठवड्यात सापडला. ज्या भाषेत तो प्रोग्रॅम लिहिलेला, ती भाषा मोठी लाघवी. दारात कोण आलं हे न विचारता सगळ्यांना आत घेऊन बसवणारी. आकडा द्या, घेते. अक्षरं द्या, तीही आकड्याच्या पाटावर बसवते. तिच्या लेखी दशांशाला टिंब. पण इथे तर पहिलीपासून सगळे दशांशाला स्वल्पविराम देतात. तेव्हा ‘९,४’ हा तिच्या लेखी आकडा नव्हताच, ती तीन अक्षरं होती. आणि अक्षरांची तुलना ती शब्दकोशासारखी करते, पहिल्या अक्षरावरून. नऊपर्यंत काही बिघडत नाही. पण ‘१०,२’ची सुरुवात एकाने, ‘९,५’ची नवाने, एक नवाच्या आधी. म्हणजे दहा नवापेक्षा लहान! भोंगा गप्प, आणि दिवसाच्या कागदावरही ९,४च सर्वांत मोठा. तळं त्याआधी कधी दहाला पोचलंच नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याहून गोड गोष्ट पुढे होती. आलेली वस्तू आकडा आहे की नाही हे तपासणारी एक ओळ पूर्वी तिथे होती. ती खोडलेली होती, आणि खोडणाऱ्याचं नाव, तारीख, कारण सगळं प्रोग्रॅमच्या इतिहासात शाबूत: ‘सारखी अडवते. लोक कुरकुरतात. एर्मेक.’

बाल्झानने ओरड केली नाही. कानात सांगितलं असतं तर ते कानातच पुसलं गेलं असतं. तिने ओळ परत लिहिली, साहेबांना म्हणाली, “सुधारणा केलीय,” आणि आठ महिने वाट पाहिली.

बुधवारी दुपारी नव्या भोंग्याचं प्रात्यक्षिक होतं. जिल्ह्याचे साहेब आले, चौकशीला होते तेच. पुढच्या रांगेत सेरिकबायची बायको कुल्याश, काळ्या रुमालात. फरीदाआपा किटली घेऊन चहाचे पियाले भरत फिरत होती.

“दाखव, बाल्झान,” एर्मेक म्हणाला. “एखादा जुना दिवस चालवून दाखव.”

“दाखवते, एरेके,” त्याच्या नावाला मानाचं ‘एके’ जोडून ती म्हणाली. “चौदा जुलै.”

“तो नको—”

पण पडद्यावर ओळी उमटायला लागल्या होत्या, एकूणएक लाल. ‘आकडा नाही.’ ‘आकडा नाही.’ ‘आकडा नाही.’

“त्या दिवशी या यंत्रापाशी एकही आकडा नव्हता,” बाल्झान म्हणाली. “नुसती अक्षरं होती. आता त्यांचे आकडे करते.”

तिने एक कळ दाबली. लाल ओळी हिरव्या झाल्या. एक वाजता, दोन, तीन. चारच्या ओळीवर भोंगा असा कोकलला की जिल्ह्याच्या साहेबांचा चहा मांडीवर सांडला. कुल्याश पडद्याकडे बघत राहिली. दहा टिंब दोन.

बाल्झानने भोंगा बंद केला. सावकाश. आठ महिन्यांत एवढं गोड तिने काही चाखलं नव्हतं.

“मग चूक म्हाताऱ्याचीच ना!” एर्मेकला वाचा फुटली. “टिंब सोडून स्वल्पविराम कुणी दिला?”

“तुम्हीसुद्धा, एरेके. धोक्याची मर्यादा तुम्ही टाकलीत, ‘९,५’. ही बघा. आणि तपासणीची ओळ कुणी खोडली, तेही खाली आहे. नाव वाचू?”

पाहुण्यांत कुणीतरी फस्सकन हसलं. एर्मेकचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. “तू कुणाची गं?”

“अर्जावर आहे. झुमागालीची मुलगी.”

“अस्सं!” तो जिल्ह्याच्या साहेबांकडे वळला, आणि त्याच्या आवाजात एकदम तूप आलं. “बघितलंत ना? बापासाठी लेकीने मागाहून नोंद घुसवली. चाव्या सगळ्या हिच्याच हातात. वही बापाने लिहिली, यंत्र लेकीने.”

साहेबांनी मान हलवली. ती ‘हो’ला होती की ‘नाही’ला, कळलं नाही. आठ महिन्यांत बाल्झानने प्रत्येक ओळ तपासली होती. स्वतःलाच तपासायचं राहिलं होतं. लेकीची साक्ष कोण आकडा म्हणून घेणार?

“कुणी बघितली होती का ती नोंद, त्या दिवशी?” साहेबांनी विचारलं.

ऑफिसातले सगळे आपापल्या पियाल्यात बघायला लागले. वर्षभर ते तिथेच बघत होते.

किटली टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. फरीदाआपा पुढे आली. ती एर्मेककडे गेली नाही, साहेबांकडेही नाही. कुल्याशच्या समोर जाऊन उभी राहिली.

“कुल्याश, झुमेकेंनी पाठवलं होतं,” ती म्हणाली. “दहा स्वल्पविराम दोन. त्या दिवशी पडद्यावर मी या डोळ्यांनी वाचलं. आणि भोंगा वाजला नाही म्हणून चहा ओतायला गेले.”