लॅमिनेट केलेली ऍडमिशन

मी एडिनबराहून आलेला कागद बोलतोय. जाड, पांढरा, वर विद्यापीठाचा शिक्का, खाली सही. मँचेस्टरमधल्या एका किराणा दुकानात, गल्ल्याच्या मागे, गणपतीशेजारी मी टांगलेला होतो, आज सकाळपर्यंत. माझ्यात लिहिलेली जागा केव्हाच गेली. मी मात्र गेलो नाही, कारण मला लॅमिनेट केलंय.

२००४ च्या फेब्रुवारीत मी आलो. दुकानाचे मालक मुरलीधरराव. इंग्रजी ते मालाच्या खोक्यांवरून शिकलेले. माझा पहिला परिच्छेद त्यांनी मोठ्याने वाचला: मेडिसिनसाठी आपल्याला कंडिशनल ऑफर देताना आम्हाला आनंद होत आहे. दुसरा परिच्छेद येण्याआधीच ते पेढ्यांचा खोका उघडायला गेले.

"बाबा, ते कंडिशनल आहे," देवयानी म्हणाली. त्यांची एकुलती मुलगी, शाळेचं शेवटचं वर्ष.

"मग चांगलंच की. माल कंडिशनमध्ये आहे म्हणून तर ऑफर आली."

"नो बाबा. कंडिशन म्हणजे अट. फायनलला तीन ए पाहिजे, नाहीतर जागा जाते."

"येतील गं. आणि ऍडमिशन झाल्यावर शेवटच्या परीक्षेला कोण विचारतं?"

खोटं बोलत नव्हते ते. गाडी कंडिशनमध्ये, फ्रिज कंडिशनमध्ये; तो शब्द त्यांनी जन्मभर चांगल्याच अर्थाने ऐकलेला. तसा माणूस पक्का व्यापारी. तूरडाळीचं पोतं तळातून मूठभर काढून बघितल्याशिवाय घ्यायचे नाहीत. एकदा तळात खडे निघाले म्हणून चाळीस पोती त्यांनी उभ्या उभ्या परत पाठवली होती. मला मात्र त्यांनी वरवर वाचलं. त्याच दुपारी गरम रोलरमधून मला काढून आणलं आणि म्हणाले, "आता पाणी लागो, हळद लागो, ह्याला काही होत नाही."

मार्चमध्ये त्यांची बायको अरुणा आईचं हाड मोडलं म्हणून नाशिकला गेली, ती जूनपर्यंत आली नाही. काउंटर देवयानीकडे आलं. शाळा सुटली की थेट दुकान. केमिस्ट्रीचं पुस्तक गल्ल्याखाली उघडं ठेवायची. वरून मला पान दिसायचं. पाव किलो मिरच्या, पुस्तक बंद. एक कढीपत्ता, पुस्तक बंद. एक आठवडा मी तेच पान बघत होतो.

ऑगस्टात निकाल लागला. एक ए, दोन बी. माझ्याखाली उभं राहून तिने माझ्यावरचा नंबर फोनमध्ये वाचून दाखवला. पलीकडची बाई दोनदा सॉरी म्हणाली. मग उरलेल्या जागांमधून तिला हल नावाच्या शहरातल्या विद्यापीठात बायोलॉजी मिळालं.

"हे काढा बाबा," ती म्हणाली.

मुरलीधरराव स्टुलावर चढले. माझ्यावर हात ठेवला, तेवढ्यात दारातून डॉक्टर पद्माकर आले, नेहमीचं गिऱ्हाईक. "काय मुरलीधरराव, डॉक्टरीणबाई निघाल्या वाटतं एडिनबराला?"

देवयानी बापाकडे बघत होती.

"हो, हो. निघाली," ते म्हणाले, आणि बाहीने माझ्यावरची धूळ पुसून खाली उतरले.

तेव्हापासून देवयानी दोन आहेत. एक हलला असते. तिच्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. दुसरी एडिनबराला. तिचं सगळं छान चाललंय. ती मुडदे चिरायला शिकली, तिला टेकडीवरचा किल्ला दिसेल अशी खोली मिळाली. गिऱ्हाईक विचारतं, मुरलीधरराव सांगतात, आणि ती तिथे, डाळींच्या रांगेपाशी येऊन उभी राहते. माझ्यावरचंच नाव तिचं. खरी देवयानी नाताळात आली की मागच्या दाराने वर जाते. दुकानात पाऊल टाकत नाही. टाकणार कशी? तिची जागा भरलेली असते.

असं दोन वर्षं चाललं. आज सकाळी अलकाताई आल्या, भेंडी निवडता निवडता म्हणाल्या, "काका, आमच्या ईराला ऑफर आली बरं का. पण आता पुस्तकाला हात लावेल तर शपथ. म्हणते, देवयानीताई नव्हती का शेवटच्या टर्मला काउंटरवर? पोचलीच ना एडिनबराला?"

मुरलीधररावांचा हात पिशवीतच राहिला. "कंडिशनल आहे का?"

"काय की. आलीय ना पण."

त्यांनी मला खिळ्यावरून काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "दुसरा परिच्छेद वाचा."

अलकाताईंनी वाचला. मग परत वाचला, बोट ठेवून. "मग देवयानी?"

"हलला आहे. मीच पाठवलं तिला तिथे. ह्या काउंटरवरून."

अलकाताई भेंडी तिथेच टाकून गेल्या, बहुतेक ईराकडे. डाळींच्या रांगेपाशी आता कोणी नाही. मी दोनदा बघितलं.

मुरलीधररावांनी फोन लावला. "देवयानी, मी बोलतोय. नाही, सगळं ठीक आहे. तुझ्या कॉलेजचं नाव काय गं, नीट सांग. आणि तिथे शिकवतात काय तुला?"

मग ती बोलायला लागली. ते हाताशी आलेल्या कागदावर लिहायला गेले, तो मी. प्लास्टिकवर शाई धरेना, अक्षर उमटायचं आणि बोटाने पुसलं जायचं. शेवटी त्यांनी मला बाजूला सारून एक कागदी पिशवी ओढली.

मला फाडता येत नाही, हे मला ठाऊक आहे. निदान कुठेतरी पालथा घाला. तिचं बोलणं अजून संपलेलं नाही, ते लिहून घेतायत. आणि पिशवीवरची जागा संपत आलीय.